डावीकडे वळणारा देव

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गुळगुळीत फरशीवरून काळा गोटा सुटला, तेलावरून सरळ गेला आणि चौथ्या खांबापाशी, कोणी हाक मारावी तसा डावीकडे वळला. बायांनी तोंडाला पदर लावले. गोटा कौशल्याबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

"मी निस्ता सोडतो," गोटा सोडणारे गोटेमहाराज म्हणाले. "चालते तो, वळते तो, पाप हुंगते तो. तीन डोये हायेत त्याले. झाकलेलंही दिसते."

माझा मुलगा प्रेम तापानं गेला होता. तेव्हापासून मला भूक लागत नव्हती, ऊन लागत नव्हतं. माणसं बोलत, मला फक्त ओठ हलताना दिसत. पण लेकराला कोणी खाल्लं, हे गावाला हवं होतं. आज ते मिळालं. कौशल्याबाई, आमच्या शेजारच्या, विधवा, बिनलेकराच्या. प्रेम त्यांच्याच ओट्यावर खेळायचा आणि त्या गहू निवडता निवडता म्हणायच्या,

शेजीचं लेकरू, माझ्या उंबऱ्यात आलं
रितं माझं घर, दोन घडी भरलं

"तिले गाव सोडा लागते," समोर खुर्चीत बसलेले गावपुढारी नारायणराव म्हणाले. "उद्याच."

माझे यजमान मोतीराम मान खाली घालून बसले होते. कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं नाही. एवढंच आठवलं की मागच्या खेपेला हा देव रुख्मिणीकडे वळला होता. तीही विधवा. त्याआधी बेबीताई, नवऱ्यानं टाकलेली. आमच्या मंडपाची रीतच तशी. सवाष्णी उजवीकडे, बाकीच्या डाव्या भिंतीला.

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या मनालीताई माझ्यामागे बसल्या होत्या. त्यांच्या कानात मी एवढंच सांगितलं. त्या उठल्या.

"महाराज, देवाच्या डोयात तुमी बोटं काऊन घालता?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"नागपूरच्या मॉलमध्ये असा गोळा म्या लय फेकला. बोलिंगच्या खेळाचा हाय तो. डोये नाहीत ते, बोटं अडकवाची भोकं हायेत. द्या इकडं."

"बाईनं देवाले हात लावाचा नाही," नारायणराव गुरकावले.

"देव बाईच्या अंगावर येते, तवा चालते का जी?"

महाराजांनी घरोघरून आणवलेलं तेल डब्यात उरलं होतं. मनालीताईंनी ते चौथ्या खांबापुढं पार भिंतीपर्यंत पसरलं आणि मनगट वळवून गोळा सोडला. तो वळलाच नाही. सरळ जाऊन नारायणरावांच्या बुटाला धडकला.

"पाप तं पुढाऱ्याच्या घरी निंघालं बे," गर्दीतून आवाज आला.

मग मनालीताईंनी राख टाकून पोत्यानं फरशी कोरडी केली, गोळाही पुसला. या वेळी तो दुसऱ्या खांबाआधीच वळला आणि भजनी मंडळाच्या ढोलकीवर आदळला.

"आता महाराजांसारखं करतो," म्हणून त्यांनी चौथ्या खांबापर्यंतच तेल लावलं.

मी उठले. कौशल्याबाईंना हाताला धरून उजवीकडे, सवाष्णींत बसवलं आणि त्यांच्या जागी डाव्या भिंतीला जाऊन बसले. गोळा सरळ आला, तेल संपताच वळला आणि माझ्या घोट्यावर आपटला.

"महाराज," मी म्हणाले, "माहं लेकरू म्याच खाल्लं का?"

महाराज आपली झोळी शोधत होते. मोतीराम पहिल्यांदाच बोलले. "बसा महाराज. तिनं इचारलं, सांगून जा."

सांगितलं मनालीताईंनी. "मोटारसायकलचं चाक चिखलात जागीच फिरते, डांबर लागलं का धावते. तसंच हे. सोडताना मनगटानं गोळ्याले गिरकी द्याची. तेलावर पकड नाही, मनून तो सरळ घसरते. कोरड्यावर पकड भेटली का गिरकीकडे वळते. तेल कुठवर लावाचं ते महाराज ठरवते. डावीकडे कोण बसंल ते तुमी ठरवता."

नारायणराव खुर्चीतून उठून चालते झाले, कौशल्याबाईंनी गाव सोडायची गोष्टही तिथंच राहिली.

प्रेमला काय झालं होतं ते डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, डेंग्यू. डास साचलेल्या पाण्यात होतात. आमच्या गल्लीतली एकही टाकी झाकलेली नव्हती, आणि गाव मात्र डोळे मिटून बाई शोधत होतं. म्हणून एवढंच सांगते, बायांनो, भावांनो. देव वळला असं कोणी म्हणालं, तर आधी पायाखालची फरशी बघा. लेकरू तापलं, तर दवाखाना गाठा. आणि टाकीवर झाकण ठेवा.

घरी जाताना पाय ठणकू लागला. किती दिवसांनी काहीतरी दुखत होतं. कौशल्याबाईंनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं, मंडपातून आणलेल्या डब्यातलं उरलेलं तेल तळहातावर घेतलं आणि माझा घोटा चोळत राहिल्या. तेव्हा मला रडू आलं.