कुणालच्या चिंचेची फांदी

माझा नवरा रडत नाही, ही माझी पाच वर्षांची तक्रार आहे. कुणाल, आमचा मुलगा, चोवीस वर्षांचा, हायवेवर ट्रकखाली गेला, तेव्हा हे मणिकर्णिका घाटावर त्याला अग्नी देऊन घरी आले, अंघोळ केली आणि छतावर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. मी म्हटलं, या माणसाच्या छातीत काळीज नाही, माती भरलीये. अंबिकावन्सं, ह्यांची थोरली बहीण, म्हणाल्या, "प्रभा, जिभेला हाड नाही तुझ्या." नाहीच मुळी.

आमचं घर गंगेकाठी, राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. हे बँकेतून रिटायर झाले आणि छत हेच त्यांचं ऑफिस झालं. माकडांसाठी जाळी मारलेली, आत तीसेक बोन्साय. त्यातली चिंच सगळ्यांत जुनी, माझ्या लग्नाच्या वर्षाची. उंची दोन वीत, खोड मनगटाएवढं, पण डावी बाजू बोडकी. तिथे फांदी कधी फुटलीच नाही.

दुसरी चिंच कुणालची. पाच वर्षांचा असताना डालड्याच्या रिकाम्या डब्यात त्याने चिंचोका थुंकला होता, तो उगवला. यंदा फाल्गुनात तिची मुळं सडली. ह्यांनी उपसून पाहिली तर काळी, हाताला चिकट. "पावसाळा काही काढत नाही ही," म्हणाले. चिंचेची काडी मातीत खोचून लागत नाही, निदान ह्यांच्या हाताने कधी लागली नाही. उपाय एकच होता, त्याच्या चिंचेची फांदी जुन्या चिंचेच्या बोडक्या अंगाला जोडायची.

दोन्ही झाडं शेजारी ठेवली. जुन्या खोडाला खाच पाडली, कुणालच्या फांदीची साल तेवढीच तासली, हिरव्याला हिरवं भिडवलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलं. फांदी वाकवून आणलेली, सारखी सरळ व्हायला बघायची, म्हणून वरून सुतळीच्या तीन गाठी. मला ताकीद दिली, "धूळसुद्धा झटकायची नाही. जोड हलला की संपलं."

"पोराला कधी इतकं जपलं नाहीत," मी म्हटलं. त्यांनी सुतळीची गाठ आणखी आवळली.

पण खोटं कशाला सांगू, मीही रोज बघायला जायची. हळूहळू जोडाच्या पुढची फांदी मागच्यापेक्षा जाड झाली, म्हणजे ती जुन्या झाडाचं पिऊ लागली. श्रावण सरता सरता ह्यांनी ती डब्यातल्या मूळ झाडापासून कापली आणि उरलेलं सडकं झाड गंगेत सोडून आले. "जोड अजून कोवळा आहे. दिवाळीपर्यंत गाठींना हात नाही लावायचा." संध्याकाळी त्या फांदीची पानं बाकीच्या झाडाबरोबर मिटली आणि सकाळी बाकीच्यांबरोबर उघडली. मला फार बरं वाटलं. माझ्या पोराचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आठ दिवसांनी अवनीला कळा सुरू झाल्या. अवनी आमची धाकटी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नर्सिंग होममध्ये एक दिवस, एक रात्र गेली. दुपारी ह्यांनी मला घरी पाठवलं, अंघोळ करून पेज घेऊन ये म्हणून. तीन वाजता त्यांचा फोन आला. "बाळ अडकलंय. डॉक्टर थोडा वेळ बघतो म्हणतात, नाहीतर ऑपरेशन." मग काहीच नाही. पावणेचारला मी फोन लावला, घंटी वाजत राहिली. चारला लावला. पुन्हा लावला. हे फोन न उचलणारे नाहीत. कुणालच्या दिवशीही असंच झालं होतं, त्याचा फोन नुसता वाजत होता.

खाटेवरून वन्सं म्हणाल्या, "घरातल्या गाठी सोड, प्रभा. बाईचं अडलं की घर मोकळं करतात. तुझ्या वेळी आईने केलं होतं."

मी बीएस्सी झालेली बाई. असल्या गोष्टींना नावं ठेवण्यात जन्म गेला. तरी उठले. कपाटांची कुलुपं काढली, परकरांच्या नाड्या सोडल्या, कपडे वाळत घालायची दोरी सोडली, पिठाच्या पिशवीचं तोंड सोडलं. माझा अंबाडाही सोडला. वन्संनी विचारलं, "कुठे काही राहिलं नाही ना?"

वन्सं दोन वर्षांत जिना चढलेल्या नाहीत, त्यांना छतावरचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी मी जाळीत शिरले. एक गेलेला, एक जायला निघालेली. मोठ्याने म्हटलं, "कुणाल, रागावू नको रे. तुझी बहीण अडलीये." सुतळीच्या तिन्ही गाठी सोडल्या, मग पट्टीची. फांदी सरळ झाली आणि खोडापासून सुटली. आवाज अगदी बारीक, पाकिटाचं चिकटवलेलं तोंड उघडावं तसा. मी घाईने परत बसवून बघितली, बसेना. शेवटी हातात घेऊन उभी राहिले.

पाचला हे आले. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मी बसलेली.

"मुलगी झाली," म्हणाले. "ऑपरेशन करावं लागलं. दोघी चांगल्या आहेत."

"कधी?"

"साडेतीनला."

"मी इतके फोन केले."

"खिशात वाजत होता." तेव्हा मी त्यांचे डोळे बघितले. सुजून लाल झाले होते. "सिस्टरने 'बिटिया हुई है' म्हणून हातात दिलं. कुणाल जन्मला तेव्हा असंच दिलं होतं. मला रडूच फुटलं, प्रभा. मागच्या जिन्यात जाऊन बसलो, थांबेचना. उचलला असता तर तुला ऐकू गेलं असतं. तू काही बोलली असतीस."

मी काय बोलणार होते, देव जाणे. बोलले असते खरी.

मग त्यांना उघडी कपाटं दिसली, जमिनीवर पसरलेल्या नाड्या दिसल्या. "हे काय?" वन्संनी आतून सांगितलं, "गाठी सोडल्या रे विश्वेश्वर, सगळ्या. म्हणून तर सुटली पोर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. फांदी माझ्या मांडीवर होती. त्यांनी ती उचलली, जोडाची जागा अंगठ्याने चाचपली, परत माझ्या मांडीवर ठेवली आणि वर गेले.

मी तिथेच बसून कान देत होते. ओरडतील, निदान एखादी कुंडी फोडतील. बऱ्याच वेळाने छतावरचा नळ सुरू झाला, झारी भरली आणि ते कुंड्यांना पाणी घालू लागले. या वेळी मी काही म्हटलं नाही.