हाजी बयूमीची अर्धी दाढी

उस्ता मुतवल्ली न्हाव्यानं अख्ख्या गावाला तपासणीला पिटाळलं होतं. शाळेच्या पटांगणात सरकारी तंबू पडल्यापासून खुर्चीत बसेल त्याला तो दरडावायचा, "अरे, बोटाला सुई टोचली म्हणून कुणी मेलंय का? जा, यकृताचं काय ते बघून ये!" स्वतः मात्र तंबूकडे पाठ करून कात्र्या पुसत बसायचा. न्हाव्यालाच यकृत पोखरणारा 'व्हायरस सी' निघाला, तर त्याच्यापुढे गळा कोण धरणार? त्यात गुरुवारी हाजी बयूमीच्या रमझीचं लग्न. नवरदेवाची दाढी चारचौघांत, डफाच्या तालावर व्हायची. बयूमीची मुतवल्लीनंच केली होती, आता पोराचीही तोच करणार होता.

त्याची बायको इन्साफ काही दिवस नुसती बघत राहिली. मग एका सकाळी तिनं चहाचा पेला त्याच्यापुढे आपटलाच.

"अहो, हा पेला वेगळा का ठेवता? ताटही वेगळं. नातवाला जवळ घेत नाही. मी काय आंधळी आहे?"

"पोट बरं नाही."

"पोट! काल मुलुखियाच्या पालेभाजीचं भांडं पुसून खाल्लंत. मनातून तुम्हाला सगळं ठाऊक आहे. खात्री करायची तेवढी छाती नाही. झगलूल भावजीही हेच म्हणायचे ना, मला कुठं काय होतंय?"

झगलूल त्याचा थोरला भाऊ. लहानपणी दोघे शाळेत एकाच रांगेत उभे राहिले होते. कालव्याच्या पाण्यातल्या जंतांवर तेव्हा इंजेक्शनं द्यायचे. काचेची एकच सिरिंज, एकच सुई, या दंडातून त्या दंडात. झगलूल उसासारखा ताठ जगला, आणि पोटात पाणी भरून रक्ताची उलटी झाली तेव्हा कुठं दवाखान्यात गेला. तोवर यकृताचा दगड झाला होता. गोळ्या होत्या, पण वेळ गेली होती. मुतवल्लीला हे सगळं माहीत होतं. तो घाबरला होता, आणि त्या भीतीला धंद्याची अब्रू म्हणत होता.

चहा तसाच टाकून तो उठला आणि तंबूत जाऊन बोट पुढे केलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पुढची तपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली. तिथली डॉक्टरीण त्याच्या लेकीच्या वयाची होती.

"व्हायरस आहे, पण यकृत अजून धड आहे. वेळेत आलात, काका. तीन महिने गोळ्या घ्या, एकही चुकवू नका. बरे व्हाल."

"पण मला तर काहीच होत नव्हतं!"

"तो बसतो गुपचूप. बोलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि पेला-ताट वेगळं कशाला? हा रक्तातून जातो, जेवणातून नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या." मग कागदावर 'न्हावी' वाचून तिनं विचारलं, "दाढीचं पातं?"

"प्रत्येकाला नवं."

"पहिल्यापासून?"

पूर्वी एकच वस्तरा पट्ट्यावर घासून ओळीनं सगळ्यांच्या, त्याच्या स्वतःच्याही गालांवरून फिरायचा. त्यात बयूमीचा गाल पहिला.

दुसऱ्या दिवशी बयूमी दाढीला आला. एक गाल साफ झाला आणि मुतवल्लीचा हात थांबला.

"बयूमी, मला निघालाय."

"काय निघालंय?"

"व्हायरस. हे पातं नवं आहे, तुझ्यासमोर पुडी फोडली. पण जुन्या वस्तऱ्याचं मी सांगू शकत नाही. तू तपासून घे."

बयूमी आरशात बघत राहिला. मग गळ्यातल्या फडक्यासकट उठला आणि एका गालावर फेस तसाच घेऊन रस्त्यानं तरातरा निघून गेला.

"गेलं! गुरुवारही गेला," मुतवल्ली खुर्चीत कोसळला.

"जाऊ दे," इन्साफ दारातून म्हणाली. "एकदा तरी खरं बोललात."

तिनं चहा ठेवला, घरातल्या नेहमीच्या पेल्यात. तो संपायच्या आत बयूमी परत आला. गालावरचा फेस वाळून पापडासारखा सुटत होता आणि बोटाला कापूस होता.

"दोन रेघा," तो म्हणाला.

मुतवल्लीनं पेला खाली ठेवला. "माझ्या वस्तऱ्यानं..."

"कुणाला ठाऊक? शाळेच्या रांगेत मी तुझ्या मागेच होतो की. झगलूलला कुणी वेळेवर सांगितलं नाही, मला तू सांगितलंस. लग्न उरकलं की मला त्या डॉक्टरणीकडे ने." त्यानं मुतवल्लीला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसला. "गाढवा, अर्ध्या दाढीनं तंबूत गेलो, बायका अजून हसताहेत. आता हे पुरं कर. आणि गुरुवारी रमझीला ताटकळत ठेवू नकोस."

मुतवल्लीनं नव्या पात्याची पुडी फोडली. बयूमीनं डोळे मिटले आणि गळा वर केला.