फळीवरचे आकडे

ऑगस्ट लागला की कॉपर फोर्क या डोंगरातल्या गावाला भक्तीचा बहर येतो. लग्नानंतर ज्यांनी चर्चचा उंबरा ओलांडला नाही, ईस्टरच्या सकाळी ज्यांना नेमकं मासे धरायला जायचं असतं, तीही मंडळी शाळा उघडायच्या आठवड्यात पाद्री ब्रदर हॉलिसच्या सभागृहात ‘पीच पाय’ या गोड पदार्थाची ताटली हातात धरून रांगेत उभी राहतात. शाळेला कागद लागतो ना! एक तर मुलाला लसी टोचल्या आहेत असा कागद, नाहीतर आमचा धर्म आड येतो असा. टोचून घ्यायला डोंगर उतरून चाळीस मैल जावं लागतं. धर्म हाकेच्या अंतरावर आहे, आणि वर पीच पाय मिळते.

व्हर्लीन स्कॉगिन्स त्या शाळेची नर्स. तीस वर्षं झाली. पाळण्यात होती तेव्हापासून याच चर्चची, गाणाऱ्यांच्या दुसऱ्या ओळीत उभी राहणारी. दरसाल हा बहर तिच्याच कपाटात येऊन वाळायचा. ती एकेक कागद घ्यायची, तारखेचा शिक्का मारायची, आडनावाप्रमाणे लावून ठेवायची. शिक्का मारताना ओठ असे मिटायची, जसे शिवणारीण ओठांत टाचण्या धरते. बोलायची मात्र काही नाही. तीस वर्षं टाचण्या धरल्या की बाईला वाटायला लागतं, आपलं तोंडच तसं आहे.

या वर्षी तर ब्रदर हॉलिसच्या बायकोने, सिस्टर इमोजीनने, लोकांचे कष्टच वाचवले. सगळे कागद तिने घरी बसून भरले. आईबापांनी फक्त सही करायची. कागदावर कशाला नकार द्यायचा त्याचे पाच चौकोन होते: लस, डोळे, कान, पाठीचा कणा, आणि सगळ्यांत खाली ‘वरील सर्व’. इमोजीनने अकराच्या अकरा कागदांवर खालच्या चौकोनात खूण केली. “विश्वास ठेवायचा तर अर्धामुर्धा कशाला?” म्हणाली, आणि पीच पायवर क्रीम वाढलं. अशा रीतीने त्या दुपारी अकरा लेकरांचे डोळे, कान आणि कणे एका फटक्यात धार्मिक झाले. त्या घरांची नावं सोनेरी चौकटीत घालून चर्चच्या दारात टांगली. वर लिहिलं, ‘ठाम उभी राहिलेली घरं’.

ऑक्टोबरात डोळे तपासायचा दिवस आला. व्हर्लीनने शाळेच्या लांब ओसरीत भिंतीला चित्रांचा तक्ता लावला. घर, सफरचंद, चौकोन, वर्तुळ. वरची चित्रं मोठी, खाली लहान लहान होत गेलेली. तिथून वीस फूट मोजून जमिनीवर पट्टी चिकटवली. पोरांची रांग लागली. धार्मिक अकरा वाचनालयात भोपळे रंगवत बसले.

त्यांच्यात टॅन्सी होती. डार्लाची मुलगी, पहिलीतली, येत्या मार्चात सात वर्षांची होणारी. तिचं नाक भोपळ्याला टेकलं होतं. व्हर्लीन दारातून बघत राहिली. पोरीने नाक उचललं तेव्हा त्याला केशरी रंग लागलेला.

टॅन्सीची गंमत अशी होती, की शाळेत ती मठ्ठ होती आणि चर्चमध्ये संत. फळ्यावरचा शब्द तिला कधी वाचता आला नाही. वर्गाच्या बाईंनी तिला मागे पडलेल्यांच्या टेबलावर बसवलं होतं. पण रविवारी हीच पोर पुस्तक न उघडता स्तोत्रामागून स्तोत्र म्हणायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, आणि म्हातारे डोळे पुसायचे. कुणी म्हणे देवाचं दान आहे, कुणी म्हणे पवित्र आत्मा उतरतो. आणि सुट्टीत मुली दोरीवरच्या उड्या खेळत, तेव्हा ती नेहमी दोरीच्या टोकाशी. दोरी फिरवायची आणि गायची:

तळ्याकाठी बदक बाई,
बदकाला गं चष्मा नाही,
कोल्हा म्हणे, ‘मी नाहीच इथे,’
बदक म्हणे, ‘मग दिसत नाही!’

उडी मारायला मात्र कधी आत शिरायची नाही. दोरी खाली कधी येते ते तिला कळायचंच नाही.

का कळत नाही, ते व्हर्लीनला आज उमगलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. दोन महिने ही पोर तिच्या खिडकीसमोर दोरी फिरवत होती. पोराच्या डोळ्याला सात-आठ वर्षांपर्यंत पाहायला शिकवावं लागतं. तेवढ्यात शिकला तर शिकला. पुढे कितीही जाड भिंग लावा, तो हट्टी म्हाताऱ्यासारखा ऐकत नाही. आणि मार्च पाच महिन्यांवर.

ती मुख्याध्यापकांकडे गेली. ते म्हणाले, “कागद आहे ना? मग तिच्या डोळ्यांकडे बघूसुद्धा नका.”

“बघायचं नाही? मग नर्स कशाला ठेवलीत?”

“खरचटल्यावर पट्टी लावायला,” मुख्याध्यापक म्हणाले. आणि बिचारे ते खरंच बोलले होते.

संध्याकाळी ती चर्चच्या पाळणाघरापाशी थांबली. डार्ला तिथे कामाला होती, इमोजीनच्या हाताखाली. डार्ला स्वतः पहिलीत असताना व्हर्लीनने तिच्या उवा काढल्या होत्या, त्यामुळे बोलायला आडपडदा नव्हता.

“डार्ला, पोरीला दिसत नाही गं.”

“दिसतं की. घरभर हिंडते.”

“घर पाठ आहे तिला. स्तोत्रं पाठ आहेत तशीच.”

डार्लाचा हात कुलपावर थांबला. “मी फक्त सुयांसाठी सही केली हो, व्हर्लीनबाई. डोळ्यांचं कुणी काही बोललंच नाही.”

“वाचलं नाहीस?”

“सगळ्यांनी केली, मी केली.”

“मग आता एक ओळ लिहून दे. ‘माझ्या मुलीचे डोळे तपासा.’ बाकी मी बघते.”

डार्लाने मान हलवली. “नाव खाली उतरवतील. सिस्टर इमोजीन रोज सकाळी त्या चौकटीवरची धूळ पुसतात, माहीत आहे ना? दहा घरं ठाम आणि डार्ला तेवढी पळाली, असं होईल. माझं कामसुद्धा त्यांच्याच हातात आहे.” मग हळूच म्हणाली, “वाढेल तशी सुधारेल ना?”

“नाही,” व्हर्लीन म्हणाली. “वाढेल तशी तशीच राहील.”

डार्ला मोटारीत जाऊन बसली.

शनिवारी व्हर्लीन चर्चमध्ये गाण्यांचे आकडे लावायला गेली. वेदीच्या बाजूला लाकडी फळी होती. तिच्या खाचांत पांढऱ्या पुठ्ठ्यावरचे हातभर आकडे बसवायचे, म्हणजे कुठलं स्तोत्र ते मंडळींना कळतं. हे काम वीस वर्षं तिचंच. ब्रदर हॉलिस पहिल्या बाकावर बसून टायच्या टोकाने चष्मा पुसत होता. काच अशी जाड, की मागचे डोळे मत्स्यालयातले वाटत.

“डार्ला रडत होती म्हणे,” तो म्हणाला. “सिस्टर, लेकरांच्या आयांना घाबरवू नये. देव बघतो.”

“देवाला दिसतं हो, ब्रदर. टॅन्सीला दिसत नाही.”

“दोनशे स्तोत्रं येतात तिला, पुस्तकाकडे न बघता! हे दान आहे. दानाची कुणी तपासणी करतं का?”

“आणि तुमच्या नाकावर आहे ते काय? तेही दानच?”

“हा?” त्याने चष्मा घातला. “हा वयाचा.”

“तुमच्या वयाची काळजी देवाने दुकानदारावर सोपवली, आणि पोरीची तेवढी स्वतःकडे ठेवली वाटतं.”

ब्रदर हॉलिस हसला. तो नेहमी हसायचा, तेच त्याचं बळ. “सिस्टर, उद्या होमकमिंग. मन शांत ठेवा. आणि तुमचं बटाट्याचं सॅलड विसरू नका.”

होमकमिंग म्हणजे गाव सोडून गेलेले सगळे वर्षातून एकदा परततात तो रविवार. उपासनेनंतर अंगणात टेबलं मांडून जेवण. त्या दिवशी स्तोत्रांचे आकडे लहान मूल पुकारतं: मागच्या दाराशी उभं राहायचं, फळीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मग मंडळी पान उघडणार. या वर्षी मान टॅन्सीचा. इमोजीनने तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं: दोनशे सत्त्याहत्तर, एक्केचाळीस, एकशे अठरा.

रविवारी सकाळी, कुणी यायच्या आत, व्हर्लीनने तिन्ही आकडे बदलले.

पोरीला सगळ्या गावापुढे उघडं पाडायचं, हे काही पुण्याचं काम नव्हतं. पण पुण्याचं काम तिने तीस वर्षं केलं होतं, आणि ते सगळं कपाटात आडनावाप्रमाणे लावलेलं होतं.

चर्च गच्च भरलं. टॅन्सी पिवळ्या झग्यात मागच्या दाराशी उभी राहिली, हनुवटी वर करून. फळीवर तीनशे सहा.

“दोनशे सत्त्याहत्तर!” तिने घंटेसारख्या आवाजात सांगितलं.

पानं सळसळली आणि थबकली. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, “फळीवर तर तीनशे सहा आहे.” कुजबुज सुरू झाली. व्हर्लीन वाट बघू लागली. आता, आता कुणीतरी विचारेल.

ब्रदर हॉलिसने दोन्ही हात वर केले.

“फळी माणसाने लावली!” तो गरजला. “पण या लेकराच्या मुखी आकडा कुणी घातला? आपण तोच गाऊ!”

“आमेन!” छप्पर हादरलं. कुणी हुंदका दिला. ऑर्गन वाजू लागला. खोटं रंगेहाथ सापडलं होतं आणि लोकांनी त्यालाच हार घातला होता. व्हर्लीन गाणाऱ्यांच्या ओळीत तोंड उघडून उभी राहिली. सूर काही फुटेना.

गाणं संपलं. फळीवर बावन्न.

“एक्केचाळीस!” टॅन्सी म्हणाली. टाळ्या पडल्या. पोर खुलली. टाळ्या ज्या बाजूने आल्या तिकडे वळून हसली. आणि त्या बाजूला खांब होता.

तेव्हा डार्ला उठली. पाळणाघरातलं कुणाचं तरी तान्हं तिच्या कडेवर होतं. ते तिने शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि बाकांमधल्या वाटेवर येऊन उभी राहिली.

“टॅन्सी, बाळा. फळी दिसते का तुला?”

“कुठली फळी, आई?”

ऑर्गनवाल्या बाईने बोटं उचलली.

“सिस्टर इमोजीनने सांगितलेलंच म्हणतेय ना मी,” टॅन्सीचा आवाज बारीक झाला. “चुकलं का?”

कुणाचं तरी अर्धं आमेन घशातच मेलं. सगळ्या माना इमोजीनकडे वळल्या. इमोजीन आपले हातमोजे बघायला लागली.

“सिस्टर डार्ला,” ब्रदर हॉलिस हसत म्हणाला, “देवाच्या घरात परीक्षा घेत नसतात.”

“बरं,” डार्ला म्हणाली. “अंगणात घेते.”

तिने पोरीला उचललं आणि बाहेर गेली. व्हर्लीन गाणाऱ्यांच्या ओळीतून उतरली, सगळ्या मंडळींसमोरून, झगा सावरत. तिच्या मोटारीच्या डिकीत तक्ता होता. अंगणात सपाट भिंत एकच होती: चर्चची पांढरी गाडी, जिच्यावर ‘या आणि पाहा’ असं निळ्या अक्षरांत रंगवलेलं. तिने त्याच्याखाली तक्ता चिकटवला, वीस फूट पावलांनी मोजले, खड्यांत टाचेने रेघ ओढली.

इमोजीन धावत आली. “चर्चच्या गाडीवर? आणि हिची सही आहे कागदावर!”

“तो कागद शाळेचा,” व्हर्लीन म्हणाली. “ही गाडी शाळेची नाही. सरका, उजेड अडतोय.”

ओठांतल्या टाचण्या सगळ्या पडल्या होत्या. बाईला आपलं तोंड ओळखू येईना.

दोन्ही डोळ्यांनी टॅन्सीने वरच्या दोन ओळी सांगितल्या, तिसऱ्या ओळीत सफरचंदाला घर म्हणाली. डावा झाकला, उजव्याने त्याच दोन ओळी. मग व्हर्लीनने उजवा झाकला.

“सांग, बाळा.”

पोरीने मान पुढे काढली. “चित्रं काढून घेतली का?” तिने विचारलं.

डार्लाने तोंडावर पदर घ्यावा तसा कोपर घेतला. आतून लोक एकेक करून बाहेर येत होते. आत दोनशे सत्त्याहत्तर काय नि तीनशे सहा काय, कुणाला गाण्याची इच्छा उरली नव्हती. ब्रदर हॉलिसही आला. व्हर्लीनने त्याला टाचेच्या रेघेकडे बोट दाखवलं.

“या ब्रदर. चष्मा काढा आणि तिसरी ओळ वाचा. देव बघतोच आहे.”

चाळीस-पन्नास माणसं उभी होती. कुणी आमेन म्हटलं नाही. ब्रदर हॉलिसने चष्मा नाकावर नीट बसवला.

“कोंबडी गार होतेय,” तो म्हणाला, आणि टेबलाकडे वळला. लोकही वळले. भूक सगळ्यांत ठाम उभी राहते.

सोमवारी डार्लाची एक ओळ व्हर्लीनच्या टेबलावर आली. तिच्यावर शिक्का मारताना टाचण्यांची आठवणही झाली नाही. मंगळवारी सोनेरी चौकटीत दहा नावं उरली. बुधवारी सिस्टर इमोजीनने प्रार्थना केली आणि वरून उत्तर आलं, की पाळणाघरात आता एक बाई कमी चालेल. डार्लाला महिनाभराने डोंगराखालच्या बिस्किटांच्या हॉटेलात काम मिळालं, पहाटे चारला उठून कणीक मळायचं. होमकमिंगच्या त्याच आठवड्यात आणखी तीन आया व्हर्लीनकडे आपापली ओळ घेऊन आल्या. तिघीही मागच्या दाराने, आणि तिघींनी विचारलं, “कुणाला सांगणार नाही ना?”

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॅन्सीला बघितलं आणि डार्लाकडे न बघता म्हणाले, “तीन वर्षांची असताना आणायला हवी होती. उजवा येईल. डावा… वेळ थोडा आहे. प्रयत्न करू.” जाड भिंगांचा चष्मा दिला, आणि उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डाव्याला काम करावंच लागेल.

नोव्हेंबरातल्या एका सुट्टीत व्हर्लीन खिडकीशी उभी होती. बाहेर दोरी फिरत होती, बदकाचं गाणं चाललं होतं, आणि टॅन्सी टोकाशी नव्हती. चष्म्यामागे पट्टी लावून ती दोरीसमोर उभी होती, पुढे झुकलेली, गाण्याकडे लक्ष न देता.

“ये ना लवकर!” पोरी ओरडल्या. “काय बघतेस?”

“थांबा गं. ही खाली येते तेव्हा दिसते!”

“मग काय, वर जाते तेव्हा उडी मारणार होतीस?”

ती शिरली. एक उडी झाली. दुसऱ्या उडीला दोरी पायात गुरफटली आणि टॅन्सी खड्यांवर आपटली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“बाद!” पोरी एका सुरात ओरडल्या.

आजवर ती कधी आत गेलीच नव्हती, त्यामुळे बादही झाली नव्हती. ती उठली, गुडघ्यावरचं रक्त बघितलं, एकाच डोळ्याने, अगदी जवळून. मग ते सगळ्यांना दाखवत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

व्हर्लीनने कपाटातून पट्टी काढली. खरचटलं होतं, मुख्याध्यापकांनी तेवढ्याला परवानगी दिली होती.