रुईची पानं

लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं त्या उन्हाळ्यात आमच्या धंद्याला बरकत आली होती. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. गारखेड्यात एकीकडे नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि दुसरीकडे जुने बोअर आटत होते. चारशे फुटांवरची मोटर सहाशेवर सोडायची, म्हणजे आधी ती वर काढायची. ते काम आम्ही चौघं करायचो: मी, खंडेराव, रामकिसन आणि आप्पासाहेब. मी प्लंबर, त्यामुळे पान्हा फिरवणं आणि जोडणी माझ्याकडे. बाकीचे तिघं ओढायला. चौघांचे समाज वेगळे, गावं वेगळी, पण दुपारी डबे एकत्रच उघडायचे.

हात गेला तो तिथंच. पाइप अर्धा वर आला होता. मागचा दोर खंडेरावकडे होता. त्याचा फोन वाजला आणि त्यानं एक हात काढला. दोर सुटला, मोटरीसकट सगळं वजन माझ्या वाकवलेल्या उजव्या हातावर आलं आणि कोपराजवळ काहीतरी तटकन तुटलं. खंडेराव म्हणाला, घामानं सुटला. फोन आम्ही तिघांनीही पाहिला होता. कुणी बोललं नाही. उलट मीच म्हणालो, ऊन किती आहे, घाम येणारच.

माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तिचं मी काहीच ऐकलं नाही, हेही ऐकलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. दंडाचा स्नायू हाडाला बांधून ठेवणारी एक दोरी असते, ती तुटली आहे. ती वर सरकते आणि आखडत जाते. तीन आठवड्यांच्या आत शिवली तर हात जवळजवळ पहिल्यासारखा होईल. उशीर झाला तर ती ओढून जागेवर येत नाही. मग माणूस जेवेल, सही करेल, पण पान्हा फिरवायचा जोर राहणार नाही. मला अठराव्या दिवसाची तारीख मिळाली. तोवर हात झोळीत ठेवायचा आणि वर काहीही लावायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं.

मित्रांनी काय केलं नाही ते विचारा. आप्पासाहेबांनी रेशनकार्डाच्या झेरॉक्सा काढून, रांगेत उभं राहून माझे सगळे कागद केले. नळ चौथ्या दिवशी यायचा, म्हणून रामकिसननं कुठून तरी दोन टाक्या आणून भरून ठेवल्या, माझ्या बायकोला, विशाखाला, दवाखान्यातून पाण्यासाठी पळावं लागू नये म्हणून. आणि खंडेराव रोज सकाळी हजर. माझी बादली काढायचा, पाठ चोळायचा, पायजम्याची नाडी बांधायचा. विशाखा म्हणायची, मी आता माहेरी जाते, तुमची सोय झाली. आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

त्याचं ते खाली मान घालून नाडी बांधणं मला सहन होत नव्हतं. चेहरा उतरला होता, डब्यातली भाकरी तशीच परत न्यायचा. ‘फोन घ्यायला गेलो, चुकलो’ एवढं एकदा म्हणाला असता तर मी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. तो म्हणाला नाही. मीही काढलं नाही. इतकी वर्षं एका दोराला धरून होतो, आणि एवढं एक वाक्य कुणाच्यानं निघेना.

सतराव्या दिवशी दुपारी तो आपल्या आईला घेऊन आला. म्हाळसाबाई खुलताबादच्या पलीकडच्या गावाहून एसटीनं आली होती. मेंढरं बहुतेक विकून झाली होती, चार उरली होती. पदरात रुईची पानं बांधून आणली होती. त्या साली डोंगरावर हिरवं म्हणून तेवढंच राहिलं होतं, कारण मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत. लंगडी मेंढी असो की नवऱ्याचा गुडघा, तिनं सगळं रुईवर बरं केलं होतं. पान तव्यावर तेलात तापवायचं, चिकासकट कोपरावर घालायचं आणि वरून फडकं आवळून रात्रभर ठेवायचं.

मी सांगितलं, बाईंनी काही लावू नका म्हटलंय. म्हातारी रागावली नाही.

“डाक्टर त्याचं काम करंल, बाबा. पानानं निस्ती शीर मऊ पडती. शिवाया सोपी जाती.”

विशाखानं चुलीपाशी उभं राहून मान हलवली, नको. मलाही ते पटत नव्हतं. विहारात अंगाऱ्या-धुपाऱ्याविरुद्ध बोलायला मीच पुढे असायचो. पण खंडेराव उंबऱ्यात उकिडवा बसला होता.

“नाय म्हणू नको, कडुबा,” तो म्हणाला. “माझ्या जिवाला तेवढंच.”

मी हात पुढे केला. त्याचं मन राखायला, दुसरं काही कारण नाही.

फडक्याखाली आग होत राहिली. तो सकाळी मला दवाखान्यात न्यायला म्हणून आमच्याकडेच सतरंजीवर निजला होता. त्याच्या देखत सोडवेना, म्हणून मी फडकं सोडलं नाही.

सकाळी सिस्टरनं ते सोडलं तेव्हा पानाबरोबर कातडी आली. उरलेल्या जागी पाण्यानं भरलेले फोड. बाईंनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, मीच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, या कातडीवर मी चाकू लावू शकत नाही, जंतू आत गेला तर हाडापर्यंत सडेल. आधी हे भरू द्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी पाय धरायला वाकलो. त्यांनी मला उठवलं आणि मलमाची चिठ्ठी दिली.

कातडी भरायला पंचवीस दिवस लागले. मलम खंडेरावच आणायचा. मग बाईंनी हात दाबून पाहिला, फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, दोरी फार वर गेली आहे, आता उघडण्यात अर्थ नाही.

बाहेर लिंबाखाली खंडेराव माझी पिशवी घेऊन उभा होता. काय झालं ते मी सांगितलं. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

“पानानं?” त्यानं विचारलं.

“व्हय, पानानं. आन् दोर घामानं सुटला नव्हता. फोन वाजला व्हता तुझा.”

त्याला लागावं म्हणूनच मी बोललो. सहा आठवडे ते जिभेवर होतं. मला वाटलं, हा रडेल, पाय धरेल, आणि मग मला माफ करायचं की नाही ते ठरवता येईल. त्यानं वर बघितलं. किती दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघितलं असेल.

“तुला ठावं व्हतं, तर त्याच दिशी का नाय बोलला?” तो म्हणाला. “चार शिव्या दिल्या असत्या, एक मुस्काटात हाणली असती. मी कशाला मायला डोंगरावर पानं तोडाया धाडलं असतं?”

तो खरं बोलत होता, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला. पिशवी डाव्या हातानं हिसकून घेतली आणि मी एकटाच रिक्षा बघायला निघालो.