उधारीची पिल्लं

वसंतात दोंगकाका कोंबडीच्या पिल्लांची कावड घेऊन चीनच्या शानतुंगमधल्या त्या गावात यायचे. पैसे पानगळीत द्यायचे, तेही ज्या कोंबड्या निघतील फक्त त्यांचे. कोंबडे निघाले तर फुकट. एवढ्याशा पिल्लाचं काय निघणार ते कोणाला कळतंय! कावडीला एक फडकं आणि त्यावर एकच चिनी अक्षर, 'उधार' अशा अर्थाचं.

सुमेईने वीस पिल्लं निवडली.

"कुणाच्या नावावर? फूशेंगची बायको?" काकांनी वही उघडली.

"सुमेई लिहा."

सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या गावात बायकांना नाव नसायचंच; अमक्याची बायको, तमक्याची आई. सुमेईचं नाव सासरी पहिल्यांदा कागदावर चढत होतं. ते बुडव्यांत निघालं तर पुन्हा कुणी लिहिणार नाही, हे ती जाणून होती.

शेजारचे गुआन गुरुजी फडक्यापाशी रेंगाळले. अक्षर दिसलं की त्यांना राहवत नसे. "बघ पोरी, डावीकडे कवडी आहे. पूर्वी पैसे म्हणून कवड्याच चालायच्या ना! उजवीकडचं नुसतं उच्चारापुरतं. आणि जुन्या कवितांत हेच अक्षर 'लांब' म्हणून येतं."

"लांबच की! तीन दिवस चालतोय मी," काका म्हणाले.

पानगळीपर्यंत अठरा जगली. त्यांत चौदा कोंबड्या! सुमेई हरखून गेली. अंडी विकून तिने पैसेही जमवले.

काकांची हाळी ऐकताच सासूबाईंनी दहा कोंबड्या गुरुजींच्या अंगणात पिटाळल्या आणि गुरुजींचे कोंबडे उचलून इकडे आणले.

"चारच कोंबड्या हो! नशीबच फुटकं."

काकांनी एका थोराड कोंबड्याकडे बोट दाखवलं. "हा या वसंतातला? अहो, हा तर आजोबा झालाय!"

सुमेईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चौदा आहेत, काका. दहा गुरुजींकडे."

"घरभेदी मेली!"

"आई, वहीत नाव माझं आहे."

तिने चौदांचे पैसे मोजले. काकांनी नावावर रेघ ओढली. "सुमेईचं खातं चोख. पुढच्या वसंतात हवी तेवढी घे, पोरी."

एवढ्यात गुरुजी दोन्ही बगलांत कोंबड्या घेऊन दारात उभे राहिले. सासूबाई बराच वेळ वहीकडे बघत होत्या.

"पुढच्या खेपेला बदकाची दहा पिल्लं आणा," त्या एकदम म्हणाल्या. "माझ्या खात्यावर."

"लिहितो. फूशेंगची आई..."

"यूझेन."

गुरुजी चाळीस वर्षांपासून शेजारी, पण हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या बगलेतली एक कोंबडी निसटली.

"यूझेन?"

"हं. हसायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. हसत कुणीच नव्हतं.