आमच्या घरात नर्स नाही

ज्या हाताचं पाणी गुलाबचंदला पन्नास वर्षं चाललं नाही, त्याच हातानं आता ढुंगण धुवून घ्यायची पाळी आली. लकव्यानं उजवी बाजू गेली, पडून पडून कमरेखाली जखम चिघळली, तेव्हा त्याला बहीण आठवली.

कुसुमावती सत्तरीची. कोष्ट्याची पोर; बाप हातमागावर लुगडी विणायचा. चौऱ्याहत्तर साली ती नर्सिंगला गेली, तेव्हा हाच मोठा भाऊ ओरडला होता, "परक्या माणसाइची अंगं पुसणारी बाई आमच्या घरात नाही चालत!" भाऊबीज तेव्हापासून बंद. दोन स्थळं आली. नर्स म्हटल्यावर पोहे खाऊन जी गेली ती गेलीच. वॉर्डात तिला ताई म्हणणारे चौकात डोळे मारायचे. मग करोना आला आणि नर्स एका रात्रीत देवी झाली. गुलाबचंदनं बेसा वस्तीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत थाळी बडवली, त्याचा व्हिडिओ तिला पाठवला. निवृत्त झालेली कुसुमावती पुन्हा वॉर्डात कामाला लागली, तसा त्याच घरून निरोप आला: सहा महिने इकडं फिरकू नका. देवी ठीक आहे, दारात नको.

तरी आता त्यानं बोलावल्यावर ती गेली. तिला एकच पाहिजे होतं. भावानं चार माणसांत म्हणावं, माझी बहीण नर्स आहे. बस.

पहिल्या दिवशी पट्टी सोडली तर जखमेत हळद आणि टाल्कम पावडर.

"हे कोणं भरलं?"

"मीच, आत्या," सून मयुरा म्हणाली. "मोबाईलवर पाहून. बाई ठेवून राहिलो होतो, पण बाबा म्हणे परकी बाई नको. लाज वाटते त्याइले."

"जखमेले लाज नसते वं. पाणी उकळ."

रोज सकाळी सहाला ती यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, जखम धुवायची. दोन आठवड्यांत लालबुंद नवं मांस भरून आलं.

"हळू वं! जीव घेतं का?" गुलाबचंद खेकसायचा.

"खेकसून राहिला म्हणजे मरत नाही तू, दादा."

विसाव्या दिवशी समाजाच्या मंडळाचे ओमप्रकाश भेटायला आले. कुसुमावती हातमोजे घालून पट्टी बदलत होती. ते दारातूनच म्हणाले, "वा गुलाबभाऊ! नर्स झकास भेटली. कोणत्या दवाखान्याची?"

कुसुमावतीचा हात थांबला.

"नर्स कायची गा!" गुलाबचंद बोलला. तोंड वाकडं, पण शब्द सरळ निघाले. "बहीण आहे माही. माया आहे तिची. आमच्या घरात नर्स नाही कोणी."

"तेच म्हटलं," ओमप्रकाश खुर्ची ओढत म्हणाले.

उघडी जखम टाकून ती छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी उठली नव्हती. तिनं पट्टी पुरी केली, भावाला कुशीवर वळवलं, हात धुतले. मयुराला घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर लिहून दिला.

"काहून आत्या? काय झालं?"

"माया संपली वं. आता नर्स बोलाव."

नंबर फ्रीजवर चिकटला. गुलाबचंदनं फोन करू दिला नाही. मयुराला एकटीला ते धूड वळवता येईना. जखम पुन्हा फाटली, हाडापर्यंत गेली, विष अंगभर पसरलं. ती यायची थांबली त्याच्या पाचव्या आठवड्यात तो गेला.

फोन आला तेव्हा कुसुमावती मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. रडू दुसऱ्या दिवशी आलं, आणि त्या रडण्याचाच तिला भयंकर राग आला.