भोंगा कोणत्या बाजूने वाजला?

मित्रांनो, होडी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लाकूड येते, वल्ही येतात, शीड येते. माझ्याकडे यातले काहीच नाही. मी रबरी होडी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. जाड काळ्या रबराचे फुगे एकमेकांना चिकटवायचे, तळाला फळ्या बसवायच्या, मागे इंजिन टांगायचे, की झाले मी तयार. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे एका बाईने माझ्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. एकही आला नाही, तेव्हा तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटले, आता पोहायला मिळणार. पण माझी घडी घालून मला खोक्यात कोंबण्यात आले. जिला फुगवण्यासाठी बनवले, तिला आधी चपटी का करतात, हे कोडे मला तेव्हा पडले. तेव्हापासून कोडी पडतच गेली.

खोके उघडले ते एका लहानशा जहाजावर. शाळेच्या दोन वर्गांत मावतील एवढीच माणसे त्यावर असत. हे जहाज त्यांना पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात घेऊन जाई. तिथे पेंग्विन होते, सील होते, देवमासे होते आणि डोंगराएवढे हिमनग होते. जहाजाला किनाऱ्याजवळ जाता येत नसे, म्हणून मला दोरांनी खाली सोडत आणि पाहुणे एकेक करून माझ्या फुग्यांवर येऊन बसत. माझ्या कामाचा मला अभिमान होता, पण माणसे काही उलगडत नव्हती. हिमनग पाहायला ती इतक्या लांबून येत आणि हिमनग आला, की त्याच्याकडे पाठ करून फोटो काढून घेत. उलट पेंग्विन मात्र माना वाकड्या करकरून माणसांकडे टक लावून पाहत. कोण कोणाला पाहायला आले आहे, तेच मला कळेना.

मला चालवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. आधी ती त्याच जहाजाच्या स्वयंपाकघरात होती. मग हट्टाने होडी शिकली. एकटीने होडी चालवण्याचा तिचा तो पहिलाच हंगाम होता आणि माझा बहुधा शेवटचा. माझ्या पुढच्या डाव्या फुग्याला बर्फाच्या कडेने चीर पडली होती. जहाजावरच्या मेस्त्रींनी त्यावर ठिगळ लावले होते आणि एवढा हंगाम ही काढेल, असे ताईला सांगितले होते.

त्या हंगामात एक नणंद-भावजयीची जोडी आली होती. नणंद भूगोलाच्या शिक्षिका. हिमनगाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, हे त्यांनी आयुष्यभर फळ्यावर खडूने काढून दाखवले, पण खरा हिमनग कधी पाहिला नव्हता. त्यांना एकटीला पाठवायला भाऊ तयार नव्हता आणि स्वतः यायलाही तयार नव्हता, कारण त्याला नुसती बादली हिंदकळली तरी मळमळते, असे सगळे म्हणत. म्हणून त्याने बायकोला बरोबर धाडले. या वहिनी कपडे शिवायच्या. त्यांना ना बर्फाची हौस ना पक्ष्यांची. वन्सं, कान झाका. वन्सं, कडेला बसू नका, असे त्यांचे सारखे चाललेले असे. आणि वन्सं मुद्दाम कडेलाच बसत.

ज्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या सकाळी ऊन लख्ख होते. ताईने या दोघींना आणि एका कॅमेरेवाल्या गृहस्थांना पेंग्विनांची वसाहत दाखवली. बाकीचे पाहुणे दुसऱ्या होडीने आधीच परतले होते. कॅमेरेवाल्यांचा एक शेवटचा फोटो राहिला होता, म्हणून आम्ही थांबलो. मग आणखी एक शेवटचा राहिला. आम्ही निघालो आणि अर्ध्या वाटेत धुके आले. ते लांबून येताना दिसले वगैरे काही नाही. आत्ता समोर जहाज होते आणि आत्ता नव्हते.

ताई घाबरली नाही. तिच्याजवळ दिशा दाखवणारे एक छोटे यंत्र होते. तिने ते खिशातून काढले, तर थंडीने ते बंद पडले होते. होकायंत्राचा काटा त्या भागात भलतीकडेच ओढ घेतो, त्यामुळे त्याचा भरवसा नव्हता. वायरलेसवर कप्तानाचा आवाज मात्र स्वच्छ आला. पाण्यात बर्फाचे इतके तुकडे आहेत, की रडारच्या पडद्यावर त्यांच्यातून होडी ओळखू येत नाही, असे ते म्हणाले. आम्ही भोंगा वाजवतो, तुम्ही भोंग्याच्या दिशेने या, असेही म्हणाले.

भोंगा वाजला. इथूनच खरी पंचाईत सुरू झाली.

वन्सं म्हणाल्या, उजवीकडून वाजला. वहिनी म्हणाल्या, डावीकडून. कॅमेरेवाले म्हणाले, यात विचारण्यासारखे काय आहे, समोरूनच आला की. प्रत्येकाची खात्री पक्की होती आणि प्रत्येकाचा हात वेगळीकडे होता. मी पाण्यावर पोटाने टेकलेली, तेव्हा मला तरी कळायला हवे होते. पण आवाज मला सगळीकडूनच लागत होता. जवळपास कुठेतरी मोठा हिमनग होता आणि भोंग्याचा आवाज त्याच्यावर आपटून परत फिरत होता. खरा कोणता आणि परत आलेला कोणता, ते सांगणार कोण?

ताईने आधी मला उजवीकडे वळवले. भोंगा बारीक झाला. मग तिने मला डावीकडे वळवले. भोंगा मोठा झाला, आणखी मोठा झाला आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. वहिनी तर वन्संकडे बघून, मी म्हटले नव्हते का, अशा नजरेने हसल्यासुद्धा. तेवढ्यात धुक्यातून एक निळी भिंत आमच्या अंगावर आली. तिच्यावर आपटलेला भोंगा ऐकत आम्ही चाललो होतो. ताईने इंजिन उलटे फिरवले. मी मागे सरले, पण पाण्याखाली त्या भिंतीचा उतार पसरला होता आणि त्याची एक धार माझ्या डाव्या फुग्यावरून फिरली. ठिगळ गेले. त्याच्या शेजारचे रबरही गेले. हवा सुटल्याचा आवाज मी ओळखते, मित्रांनो. तो मला भोंग्यापेक्षा मोठा वाटला.

वन्सं मात्र खाली पाण्यात बघत राहिल्या. हिरवट, अंधाराकडे उतरत गेलेला तो बर्फ कुठे संपतो, ते दिसतच नव्हते. फळ्यावर त्यांनी तो कायम एका रेषेत संपवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, ते मला आजही सांगता येत नाही.

ताईने मला त्या भिंतीपासून बरेच मागे आणले आणि इंजिन बंद केले. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मला कळत नाही, आपण कुठे आहोत ते," ती म्हणाली.

"कळत नाही म्हणजे?" वन्संचा आवाज एकदम वर्गातला झाला. "मग आम्ही कोणाच्या भरवशावर बसलोय?"

उत्तर वहिनींनी दिले. त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, मलाही कळत नाहीये. तुम्हाला तरी कुठे कळतंय? ती निदान खरं तरी बोलतेय."

मग ताईने तेच वायरलेसवर कप्तानालाही सांगितले. दिशा कळत नाही, फुगा फाटला आहे, आता मी जागची हलणार नाही. कप्तानांनी विचारले, की बाकीचे फुगे घट्ट आहेत का. आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, थांबा.

थांबणे सोपे नव्हते. डावीकडून मी खाली बसत चालले होते आणि गार पाणी आत येऊ लागले होते. ताईने सगळ्यांना उजव्या बाजूला बसवले, फाटलेल्या जागेवर पट्टा आवळला आणि पायाने दाबायचा हवेचा पंप काढला. भरलेली हवा अर्धी निघून जाई, अर्धी राही. वहिनींनी तो पंप स्वतःकडे ओढला. शिवणयंत्रावर पाय चालवायची आपल्याला सवय आहे, असे त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांना धाप लागली, तेव्हा वन्संनी त्यांना बाजूला सारले आणि स्वतः पाय ठेवला. कॅमेरेवाल्यांनी कॅमेरा काढून त्याच्या कातडी पेटीने पाणी उपसायला घेतले. पंपाची फुसफुस आणि पाण्याची चळचळ, एवढेच ऐकू येत होते.

मग कुठेतरी आभाळ फुटावे तसा आवाज झाला. त्या निळ्या भिंतीचा मोठा कडा कोसळला होता. तो आम्हाला दिसला नाही, फक्त त्याची लाट आली. तिने मला उंच उचलले आणि खाली ठेवले. वहिनींनी वन्संचा हात धरला होता की वन्संनी वहिनींचा, हे हातमोज्यांमुळे कळत नव्हते. आम्ही न थांबता त्याच आवाजामागे जात राहिलो असतो, तर त्या कड्याखाली असतो. पण ताई आधी डावीकडे वळलीच नसती, तर मी फाटले नसते. कोणते धरायचे?

धुके विरळ झाले, तेव्हा जहाज आमच्या पाठीमागे उभे होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतके जवळ. तिकडे कोणीच बोट दाखवले नव्हते.

त्या संध्याकाळी जहाजावर माझे फार कौतुक झाले. फाटलेली असूनही हिने चौघांना तोलून धरले, असे कप्तान सगळ्यांसमोर म्हणाले. कॅमेरेवाल्यांनी माझे फोटो काढले, आणि या वेळी माझ्याकडे पाठ न करता काढले. नणंद-भावजय जेवणाच्या टेबलावर अजून भोंगा उजवीकडून की डावीकडून यावर भांडत होत्या. पण एकाच बाकावर बसून, एकाच शालीत. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी माझी चीर पाहिली आणि मान हलवली. मला जहाजावरून काढून टाकायचे ठरले. काल जिला डोक्यावर घेतले, ती आज नको झाली. मला वाटले, कौतुक करताना कोणीतरी चुकले असेल, किंवा काढताना.

ताईलाही कप्तानांनी शाबासकी दिली होती आणि आधीच का थांबली नाहीस, म्हणून बोलही लावला होता. ती माझ्याजवळ येऊन बसली. आपण बरोबर वागलो की चुकलो, हे तिला समजत नव्हते. होडी चालवणे सोडून परत स्वयंपाकघरात जावे, असे तिच्या मनात घोळत होते. तेवढ्यात वहिनी तिला शोधत आल्या.

"तू थांबलीस म्हणून आम्ही धडपणे घरी जाऊ," त्या म्हणाल्या.

"पण त्या भिंतीपाशी तुम्हाला नेलं कोणी? मीच ना?"

वहिनींनी थोडा विचार केला. "तेही खरं. दोन्ही खरं असू दे. उद्या पुन्हा होडी काढणार आहेस ना? वन्संना देवमासा बघायचाय, आणि त्या म्हणतात, न्यायचं तर त्या मुलीनेच."

ताई रडली की हसली, हे मला नीट कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने दुसरी होडी पाण्यात सोडली.

आता मी बंदरावरच्या एका कार्यशाळेत आहे. होडी चालवायला शिकणारी माणसे माझ्यावर ठिगळ लावण्याचा सराव करतात. त्यासाठी आधी मला मुद्दाम कापतात. हा मान आहे की अपमान, ते मी ठरवू शकलेले नाही. मी कोणाच्या तरी उपयोगी पडते, एवढे खरे.

मित्रांनो, शेवटी एक मागणे आहे. ज्या वस्तू तुम्हाला उचलून नेतात, तुमचा भार सोसतात, त्यांच्यावरून काम झाल्यावर एकदा हात फिरवत जा. सायकल असो, खुर्ची असो, पायातले बूट असोत. कुठे चीर आहे, कुठे मऊ पडले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लागते. कौतुकाआधी ते पाहिलेत, तर कौतुक नाही केलेत तरी चालेल. माणसांचेही तसेच असावे, असे मला वाटते. पण माणसांबद्दल मी काहीच खात्रीने सांगू शकत नाही. ते तुम्हीच हात लावून पाहा.